सोजराबाईच्या खुंटीवरचा तरंगा

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या आईच्या सख्ख्या चुलत्याच्या घरात घडली. तो इतका सरळ माणूस होता, की थाप मारायला बसला तर अर्ध्यातच त्याला हसू फुटायचं.

ही गोष्ट सांगताना तो कधीच हसला नाही.

गाव वरवट बकाल. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला. कापसाची वेचणी चालू होती, आणि सांज झाली की वान नदीकडून गार वारं सुटायचं. अशाच एका संध्याकाळी हे सुरू झालं.

पण आधी साहेबांचं सांगायला हवं.

साहेब कुठल्या खात्याचे, ते सांगत नाही. खाती अजून आहेत. त्यांना मासे धरायचा नाद होता आणि त्याहून मोठा नाद जुन्या तरंग्यांचा. तरंगा म्हणजे गळाच्या दोरीला बांधतात ते बोंड. मासा लागला की ते बुडतं, आणि काठावरच्या माणसाला कळतं.

तसा एक तरंगा साहेबांना सोजराबाई भोईणीच्या घरात दिसला. खुंटीला टांगलेला. पांढऱ्या हलक्या भेंडाचा, मधून मोरपिसाची काडी, वर लाखेचा तांबडा पट्टा आणि बुडाशी दातांचे व्रण. साहेबांनी तो मागून घेतला. साहेबांच्या बाबतीत मागणं आणि घेणं यांत फारसं अंतर नसे.

चपराशी पंजाबराव तो घेऊन मार्तंडाकडे आला. मार्तंड म्हणजे माझ्या आईचा हा चुलता. लग्नाची बाशिंगं करायचा. भेंडावर हात असा, की लोक नवरदेव सोडून बाशिंगच पाहत राहायचे.

"याच्यासारखे चार पाहिजेत. हुबेहूब," पंजाबराव म्हणाला. "साहेबाले विलायतेत दोस्तायले धाडाचे हायेत."

"भोयाचं काम मले काऊन सांगतं बे?"

"भोई हात लावत नाहीत त्याले."

"काऊन?"

"इचारलं नाही. इचारलं असतं तं मीबी आणला नसता."

मार्तंड कामाला लागला. पट्टा जमला, काडी जमली. दातांचे व्रण कोरून जमेनात, तेव्हा त्याने स्वतःच चावून उमटवले.

"कोणाचं उष्टं तोंडात घालून राह्यले?" त्याची बायको शकुंतला म्हणाली.

"साहेबाचं काम हाय वं."

चार झाले. पण नक्कल दिसायला सारखी असून भागत नाही. पाण्यात सारखी उभी राहायला हवी. मार्तंडाने घंगाळ भरलं आणि त्यात पाचही सोडले. त्याचे चार, आणि तो जुना.

पाची सरळ उभे राहिले. जुना कोणता, हे त्याचं त्यालाच ओळखू येईना. तो इतका खूश झाला, की शकुंतलेला कौतुकाने हाक मारली.

ती वाकून पाहू लागली.

वारा पडला होता. ना दोरी, ना गळ. पाणी अगदी स्थिर...

पाचही तरंगे एकदम बुडाले.

शकुंतलेने "स्स" करून ओठाच्या कोपऱ्याला हात लावला. बोटाला रक्त लागलं.

घंगाळात काहीच नव्हतं. तरंगे पुन्हा वर आले. शहाण्यासारखे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव धावत आला. साहेबांची जबलपूरला बदली झाली होती, शेगाववरून गाडी धरायची होती.

"जुना तेवढा दे. बाकीचे मंग पाहू."

मार्तंडाने पाचांतला एक उचलून दिला. तोंडावर असा भाव, की जणू जुना तोच.

तेव्हापासून शकुंतलेचं जेवण तुटलं. पाण्याजवळ गेली की ती वाकायची. माठावर वाकायची. बादलीवर वाकायची. एकदा वानच्या डोहावर बायांनी तिला पदर धरून मागे ओढली.

"मी नाही जात," ती म्हणायची. "कोणी वढून राह्यलं मले."

मग सोजराबाई आली. शकुंतलेचा ओठ पाहून दारातच थांबली.

"मार्तंड भाऊ, तरंगा वला केला?"

"पारखाले टाकला पाण्यात. काऊन?"

"माह्या मालकाचा हाय तो. कडूबाचा. डोहात गेला, वर आलाच नाही. ज्याचं मढं भेटत नाही, त्याचा तरंगा आमी कोरडा टांगतो. कोरडा हाय तोवर त्याले वाटते, बजार उठला, आता घरी बसा." ती थांबली. "वला झाला का पुन्हा बसते गळ टाकून."

"मंग आता?"

"वाळवून खुंटीले लावाचा. आण."

मार्तंडाने चार तरंगे पुढे ठेवले. म्हातारीने एकेक हातात घेतला. व्रणांवर अंगठा फिरवला. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं...

"भाऊ, त्याच्यासंग मी जलम काढला," ती म्हणाली. "अन् मले ओळखू येत नाही, असा केला तू."

मार्तंडाच्या कामाची एवढी तारीफ कोणी केली नव्हती. पाचवा साहेबांकडे गेला, हे त्याने खाली मानेने सांगितलं.

चारही वाळवून सोजराबाईच्या खुंटीला लागले. शकुंतला जेवू लागली, ओठ भरला. घराला वाटलं, सुटलो.

पण संध्याकाळी तिची मान वळायची. ओढल्यासारखी... उगवतीच्या अंगाला, तिकडे जबलपूरकडे.

साहेबांबरोबर गेलेला पंजाबराव रजेवर आला तेव्हा त्याच्याकडून कळलं.

"साहेब रोज नर्मदेवर बसत. आता तरंगाच गेला. दोर तुटला, वाहत गेला खाली."

त्यानंतर मान सरकू लागली. आधी उत्तरेला. मग हळूहळू मावळतीला. पावसाळा लागला, तशी ती तिथेच थांबली.

"समुद्रात गेला असन," मार्तंड सोजराबाईला म्हणाला. त्याचा आवाज सुटल्यासारखा मोकळा होता.

सोजराबाईचा नव्हता.

"नर्मदा जिथं समुद्राले भेटते, तिथून तापी लांब नाही. तापीत आपली पूर्णा. पूर्णेत वान."

"नदी खाली वाहते, मावशे. तरंगा वर कसा येईन?"



पूर ओसरल्यावर एका सकाळी शकुंतला अंगणात उभी होती. मान मावळतीला नव्हती. सरळ समोर होती. डोहाकडे...

मार्तंड पळत गेला. डोहाच्या मधोमध तांबड्या पट्ट्याचा एक तरंगा उभा होता. पाणी त्याला दोन्हीकडून घासून वाहत होतं. तो हलत नव्हता.

त्याच दिवशी मार्तंडाने गाडी जुंपली. घाट चढून, जिथे नदी नाही, तळं नाही, अशा एका माळावरच्या गावात बिऱ्हाड नेलं. शकुंतला वाचली. पुढे लेकरं झाली, नातवंडं झाली. वाकणं थांबलं, मान वळणंही थांबलं.

मी तिला तिच्या म्हातारपणी पाहिलं. धीर करून एकदा विचारलं, "आजी, आता तर ओढत नाही ना कोणी?"

तिने ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"नाही बाप्पा," ती म्हणाली. "आता नुसतं धरून हाय."