व्हॅन तिची, फुटपाथ त्याचा

मालिनीकाकूंच्या दाराची बेल दाबायला शुभाने बोट पुढे केलं, आणि नेमकं तेव्हाच दुसरं एक बोट तिथे येऊन थबकलं. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. पोर्चच्या छपराखाली जेमतेम दोन माणसं मावतील एवढीच जागा.

"आधी तुम्ही," छत्री मिटत तो उंच तरुण म्हणाला.

त्याच्या हातातल्या भिजक्या पत्रकावर त्याचाच फोटो होता. पार्सिपनी या अमेरिकन गावाच्या टाऊन कौन्सिलसाठी दोघंही एकाच पक्षाचं तिकीट मागत होती, आणि जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, ते एकालाच मिळणार होतं.

"तू देवांग ना? माझा ऑपोनंट?"

"आणि तुम्ही शुभा. फोटोत जरा... चिडलेल्या दिसता."

"हसतेय मी त्यात!"

"अरे बापरे," तो म्हणाला, आणि नको नको म्हणताना शुभाला हसू फुटलं.

काकूंनी दोघांनाही आत ओढलं. "मत एकच आहे बाबांनो, चहा मात्र दोघांना पुरेल." डोळ्यांच्या त्रासामुळे काकूंचं ड्रायव्हिंग सुटलं होतं. लायब्ररी जवळच, पण रस्त्याला फुटपाथ नाही, जायचं कसं? शुभा फार्मसिस्ट. तिच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचंही हेच रडगाणं. फोन केला की दारात येणारी छोटी व्हॅन हवी, ती म्हणाली. सिव्हिल इंजिनियर देवांग म्हणाला, आधी फुटपाथ हवा.

पुढच्या आठवड्यात देवांगच्या पत्रकावर व्हॅन झळकली.

"यार शुभा, सरळ सरळ तुझी आयडिया उचललीय त्याने!" तिची कॅम्पेन मॅनेजर रीमा भडकली. शुभाने तडक फोन लावला.

"माझी व्हॅन चोरलीस तू!"

"चोरली नाही हो. तिला व्हीलचेअरची लिफ्ट जोडली. आणि काल मंदिराच्या हॉलमध्ये फुटपाथवर कोण बोलत होतं?"

"मी... मी त्यावर दिवे लावले!"

"ते दिसलंच," तो म्हणाला, आणि दोघंही कितीतरी वेळ हसत राहिली.

मग तो खेळच झाला. तिने फुकट फ्लू शॉटची घोषणा केली की त्याने ती शाळांपर्यंत न्यायची. त्याने बेसमेंटमध्ये तुंबणाऱ्या पाण्यावर उपाय सुचवला की तिने त्यात भाडेकरूंनाही धरायचं. दारोदार फिरून पाय दुखले की रूट ४६ वरच्या डायनरमध्ये कॉफी. एकदा तिने टेबलावर डोकं टेकवलं, तसा तो हळूच म्हणाला, "दमलीस ना तू?"

तू. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच. देवांगने उगाचच साखर ढवळायला घेतली – खरं तर तो कॉफीत साखर घालतच नसे.

आणि मग रीमाने बातमी आणली. "शेवटच्या डिबेटमध्ये तो तुला कॉपीकॅट म्हणणार आहे. त्याच्या टीमने ठरवलंय, पक्की बातमी. तो तुला वापरतोय, शुभा."

शुभाने त्याचे फोन घेणं बंद केलं. रीमाने दिलेलं झणझणीत उत्तर पाठ करून ती हायस्कूलच्या स्टेजवर उभी राहिली. निवडणुकीपेक्षा तिला भीती वाटत होती ती त्याच्या पहिल्या वाक्याची.

"तुम्ही दोघं एकच बोलता," सूत्रसंचालक बाई म्हणाल्या. "मग कॉपी कुणी केली?"

देवांगने हातातला कागद पाहिला. घडी घातली, खिशात टाकला.

"व्हॅन शुभाची आहे. मला आवडली म्हणून मी घेतली. मी हरलो तरी ती यायलाच हवी."

पहिल्या रांगेत त्याच्या मॅनेजरने डोक्याला हात लावला. शुभाचं पाठ केलेलं उत्तर कुठल्या कुठे उडून गेलं. "फुटपाथ देवांगचा," ती म्हणाली. "आणि पाणी कुठे तुंबतं, तेही त्यानेच मला शिकवलं." अख्खा हॉल हसला, टाळ्या पडल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याने तिला गाठलं. "फोन का नाही उचललास?"

"तू मला कॉपीकॅट म्हणणार होतास."

"लिहून दिलं होतं तसं. पण तू समोर उभी होतीस... जीभच उचलेना."

प्रायमरी झाली; पोस्टाने आलेली मतं मोजून होईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. देवांग थोडक्या मतांनी जिंकला. रीमा रडली. शुभाही रडू येण्याची वाट पाहत राहिली, पण आलं ते नुसतं हलकं हलकं वाटणं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला फोन करायचा, ही रीत. ती फार्मसीच्या मागे मेपलच्या सावलीत आली.

"अभिनंदन, कौन्सिलमन."

"अजून नोव्हेंबरची खरी निवडणूक बाकी आहे," तो म्हणाला. "खूप वाईट वाटतंय?"

"शोधतेय... सापडत नाहीये."

"शुभा, हरलो असतो तर मी फोन करणार होतो. आणि त्यात सांगूनच टाकणार होतो की... आता जिंकलोय, तर पंचाईत झालीय. जिंकलेल्याने असलं काही बोललं तर बरं दिसत नाही."

शुभाने डोळे मिटून घेतले. "मग हरलेलीच सांगते. मला तू आवडतोस, देवांग. खूप."

पलीकडून एकदम टाळ्यांचा, शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ.

"देवांग! फोन स्पीकरवर आहे?"

"अभिनंदन सगळ्यांना ऐकवायचं होतं गं... मग बंद करायचं राहूनच गेलं." त्याचा श्वास लागला होता, जिना उतरत असावा. "मलाही तू आवडतेस. हे मी स्पीकर बंद करून सांगतोय. कुठे आहेस? तिथेच थांब, निघालोय मी."

शुभाने पांढऱ्या कोटावरचा प्रचाराचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि पार्किंगच्या कट्ट्यावर, एकटीच हसत, बसून राहिली.