भिंत भरून घेईना

एका गावात एक नगराध्यक्ष होता, त्याची नगरसेविका बायको होती, त्यांचा एक ड्रायव्हर होता, आणि त्या ड्रायव्हरची आई मी.

एका पहाटे पोलिसांनी अमली पावडरीसाठी नगराध्यक्षाच्या घरावर धाड घातली. नवराबायको दोघंही झोपायच्या खोलीत गोळ्या लागून गेली. पोलीस म्हणाले, पलंगाजवळून ड्रायव्हरनं पहिली गोळी झाडली, मग चकमक झाली. माझा लेक म्हणाला, मी हात वर करून उभा होतो, आणि त्या दोघांना गुडघ्यावर बसवलं होतं. अर्धं गाव म्हणे, गेले ते बरं झालं. अर्धं म्हणे, मारले. पावडरीचं खरंखोटं मला आजही ठाऊक नाही. माझा लेक मात्र तुरुंगात होता, आणि हा काही परत येत नाही, असं लोक माझ्या तोंडावर बोलत.

आमचे हे गिलाव्याचे कारागीर. छताला लावायची पांढरी फुलं साच्यात ओतावीत तर यांनीच. प्लास्टर कालवायचं काम माझं. एकदा दुपारी ठेकेदार आला.

"एका खोलीतली भोकं बुजवायचीत. न्यायाधीश पाहणीला येणारेत. घर नीटनेटकं दिसावं, असा वरून निरोप आहे."

कुठलं घर ते त्यानं सांगितलं आणि माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. आम्ही कुणाचे आईबाप, ते त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

तो गेल्यावर हे म्हणाले, "नाही म्हणून कळवतो."

"नको. पोरगा जिथं उभा होता ती जागा मला बघू दे."

गेलो. वीज तोडलेली, खिडक्या लावलेल्या. भर दिवसा आत संध्याकाळ. ओल्या सतरंजीचा कुबट वास, आणि त्यात बाईमाणसाच्या अत्तराचा, जणू आत्ताच कुणी उठून गेलंय. भोकं सगळी पलंगामागच्या भिंतीत, माझ्या गुडघ्याच्या उंचीला. यांनी भिंतीला हात लावला आणि झटकन काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही... ऊन लागलं असेल."

त्या भिंतीला ऊन कुठून लागणार?  भोकं भरली, वरून हात फिरवला, घरी आलो.

सकाळी परत जाऊन बघतो तर भोकं उघडी, आणि आत भरलेलं प्लास्टर अख्खंच्या अख्खं बाहेर. बोटासारखे पांढरे तुकडे उंबऱ्यापाशी ओळीनं पडलेले. भिंतीखाली एकही नाही.

हे माझ्यावर घसरले. "साच्याच्या घमेल्यात कालवलंस ना? त्याला तेल असतं. तेल लागलं की माल धरत नाही, सुटून येतो. इतकी वर्षं झाली, अजून सांगायचं का?"

घमेलं साच्याचंच होतं. मी ते राखेनं घासून घासून लख्ख केलं, नवीन माल कालवला, भोकं पुन्हा भरली. या खेपेला ठेकेदारानं स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी कुलूप तसंच होतं. आणि तुकडे उंबऱ्यावर.

"अहो," मी हळूच म्हटलं, "कुणाला तरी हे भरायला नकोय..."

"गप. ऐकू जाईल."

"कुणाला?"

 ठेकेदार घाईला आला होता, म्हणून तिसऱ्यांदा भरायला बसलो. एवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. न्यायाधीश ठरल्या वेळेआधीच आले होते. बरोबर लेकाचा खटला लढणारी आमची वकीलबाई आणि धाडीवरचा पोलीस अधिकारी. अधिकारी आमच्याकडे बघून म्हणाला, "किरकोळ डागडुजी चाललीय, साहेब."

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. कुणीतरी पलीकडून नखानं टोकरावं तसा. ओलं, हातानं दाबलेलं प्लास्टर एकेक करून बाहेर सरकलं आणि खाली पडलं. पडताना ते दगडासारखं वाजलं. आत्ताच भरलेला माल, वाळायला वेळच नव्हता मिळाला.

अधिकारी दाराकडे सरकला. न्यायाधीश मात्र वाकले, एक तुकडा उचलून भोकात परत बसवला. तो सरळ बसेना. बाहेरचं शेपूट वर, आतलं टोक खाली, असा तिरका बसला.

"गोळी वरून खाली आलीय," ते म्हणाले. "झाडणारा उभा होता. आणि समोरचे?"

 "गुडघ्यावर," वकीलबाई म्हणाली आणि तिनं दाराकडची भिंत दाखवली. "ड्रायव्हरनं पलंगाजवळून गोळी झाडली म्हणतात, साहेब. मग ती इथं लागायला हवी. या भिंतीचा जुना रंगसुद्धा खरचटलेला नाही."

न्यायाधीशांनी सगळे तुकडे रुमालात बांधून घेतले. पुढं कोर्टात पोलिसांनी पुष्कळ भांडून पाहिलं, वाद गावात अजून चालू आहे. पण माझा लेक सुटला. दारात येऊन उभा राहिला तेव्हा हे नुसती त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत राहिले.

आज त्याची स्वतःची टॅक्सी आहे, बायको आहे, मांडीवर लेक आहे. त्याच्या गाडीला रिकामं उभं राहावं लागत नाही, गावात याचा सगळ्यांना हेवा वाटतो. घरातून निघताना गाडीत आधी कुणीही नसतं. तरी मागची सीट दबते, शेजारीशेजारी दोन माणसं टेकल्यासारखी. तो आरशात बघत नाही. जुन्याच अदबीनं विचारतो, "कुठं सोडू, बाईसाहेब?" आणि पहिल्याच वळणावर गिऱ्हाईक हात करून उभं असतं.