लँडमास्टरला पहाटे हँडल कोण मारायचं

हे खरं घडलेलं आहे. तिखटमीठ लावून सांगायची मला सवय नाही, आणि भुतांवर तर माझा विश्वासच नाही. आमच्या घरातला देव्हारा छप्पन सालीच उतरला. अंगारे, धुपारे, उतारे... सासऱ्यांनी एका दिवसात सगळं बंद केलं.

आज मी सावेडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून मोबाईलशी बोलतेय आणि तो आपला आपण लिहितोय. तुम्ही हसाल. हसा खुशाल.

पण त्र्याहत्तरच्या दुष्काळात, भर उन्हाळ्यात, पारनेरला, आमच्या दारात जे झालं ते मी या कानांनी ऐकलंय.

आमचे मालक सहादू. नगरच्या कॅम्पात एका ठेकेदाराचा ट्रक चालवायचे. हात एकदम साफ. पण दुसऱ्याच्या गाडीवर किती दिवस राबायचं, म्हणून डोक्यात टॅक्सी शिरली. नगरच्या एका शेठकडून हप्त्यावर जुनी लँडमास्टर मोटार आणली. रंग नवाकोरा, चकाचक.

मी म्हटलं, "अहो, रंग काय चाटायचाय? इंजन बघितलं का?"

"बघितलं गं. तू भाकरी थाप."

आता यांचं बघणं! पंधरा दिवसांत गाडीनं आपले गुण दाखवले. सकाळी चालू व्हायची नाही. चालू झाली तर चढाला दम टाकायची. उन्हात तर ठरलेलंच, मध्येच बंद. पॅसिंजर शिव्या देत उतरायचे आणि पुढच्या एस.टी.ला हात करायचे.

स्टँडजवळ भिमाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्यानं इंजिन उघडून बघितलं आणि तोंडच वाकडं केलं.

"सहादू, ही इकाया काढली तर तीन हजार कुनी देनार न्हाई. शेठचं किती ऱ्हायलंय?"

"पाच हजाराच्या वर."

"मग बसा आता."

म्हणजे बघा. ठेवली तर खायला उठते, आणि विकली तरी देणं डोक्यावर राहतं. बरं, जामीन कोण? माझा धाकटा भाऊ कचरू. नुकता कुठं शाळेत शिपाई म्हणून लागला होता, अजून कायमसुद्धा झाला नव्हता. हप्ता चुकला की शेठचा माणूस थेट शाळेत जाऊन हेडमास्तरांसमोर खुर्ची ओढून बसायचा. एकदा बसून आला होता. अजून एकदा बसला असता, तर कचरूची नोकरी गेलीच असती. आईबापाच्या मागं मी वाढवलेलं लेकरू ते. माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या दिवशी संध्याकाळी गाडी दारातच मेली. रेडिएटर कोरडा ठाक. तसा तो गळकाच होता, आणि घरात एक हंडा पाणी. टँकर परवा येणार होता.

मी बजावलं, "लेकरं तान्हेली हायेत. एक थेंब देनार न्हाई तुमच्या गाडीला."

 हे न जेवताच झोपले.

पहाटे मला जाग आली...

बाहेर आवाज येत होता.

खर्र... खर्र...

गाडीला हँडल मारल्याचा आवाज, पुढून लोखंडी दांडा घालून इंजिन फिरवायचे ना, तो. मला वाटलं, ह्यांनाच झोप लागली नसेल. एवढ्या पहाटे कशाला खपतायत, म्हणून मी कूस बदलली...

हे माझ्या शेजारीच होते. गाढ झोपलेले.

मी दार उघडलं. बाहेर कुणी नाही. गाडी होती तशीच उभी. फक्त बिडीचा वास येत होता. आमच्या घरात बिडी कुणी ओढत नाही.

सकाळी ह्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं, आणि बघतच राहिले.

पाणी काठोकाठ.

आणि इंजिनावर एक ओलं फडकं बांधलेलं. पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो ना, तो उन्हात तापला की गाडी बंद पडते. म्हणून जुने ड्रायव्हर त्यावर ओलं फडकं बांधायचे.

ह्यांनी हँडल मारलं. पहिल्याच झटक्याला गाडी चालू!

"भामे, तू भरलंस पानी?"

"मी? लेकरांना प्यायला न्हाई, आन् मी माझ्या सवतीला पाजू?"

हंडा बघितला. तो होता तेवढाच भरलेला.

मग हे रोजचंच झालं. रोज पहाटे... खर्र... खर्र... कधी बॉनेट मिटल्याचा आवाज. कधी एखादा बारीक खोकला. दार उघडावं तर कुणी नाही. एकदा मी रात्री दारातला फुफाटा झाडून सपाट केला. पहाटे आवाज आलाच. उजाडल्यावर बघते तर...

मांजराचंसुद्धा पाऊल नाही.

लोक विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं पाणी भरत होते, आणि आमच्या गाडीत काठोकाठ पाणी. ते कुठून यायचं, मला आजतागायत कळलेलं नाही.

पण गाडी पळायला लागली. दोन हप्ते वेळेवर गेले. कचरूच्या शाळेत कुणी फिरकलं नाही. हे शीळ घालत घरी यायला लागले. ह्यांना वाटायचं भिमाजी येऊन करून जातो, आणि मी आपली गप्प. भुतावर विश्वास नाही ना आमचा!

एक दिवस भिमाजी दारावरून चालला होता. बॉनेट उघडंच होतं. तो सहज वाकला आणि ते फडकं बघून त्याचा हात जागच्या जागी थांबला.

"वहिनी, ही गाठ कुनी मारली?"

"तुमीच ना?"

"न्हाई." त्याचा चेहरा उतरला. "दोन येढे आन् टोक आत खुपसायचं. अशी गाठ मच्छिंद्र मारायचा."

"कोन मच्छिंद्र?"

मग त्यानं सांगितलं. सुप्याकडच्या एका वाडीचा मच्छिंद्र. ही गाडी आधी त्याच्याकडं होती; नव्या रंगामुळं भिमाजीनंही आजवर ओळखली नव्हती. त्यानंही त्याच शेठकडून हप्त्यावरच घेतलेली. एका दुपारी चढावर गाडी बंद पडली. रस्त्याला चिटपाखरू नाही. हा एकटाच ढकलत होता. छातीत कळ आली आणि गाडीच्या मागंच बसला... तो बसलाच.

दिवस घालायच्या आत शेठनं गाडी उचलून नेली. रंग मारला आणि चढ्या भावात आमच्या गळ्यात मारली.

"आन् त्याच्या बायकोकडून उरलेलं देनं अजून वसूल करतोय," भिमाजी म्हणाला. "गाडी पडत्या भावात जमा धरली म्हनं. बाई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडती."

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी तशीच त्या कामावर गेले. रखरखीत माळ, शेकडो माणसं, नुसता हातोड्यांचा आवाज. विचारत विचारत लंकाबाई सापडली. माझ्याच वयाची. मांडीशी एक लहान पोरगी झोपलेली, तिच्या तोंडावर पदराची सावली. दोघी तिथंच एका खोपटात राहायच्या.

मी सांगितलं, गाडी आता आमच्याकडं आहे. बाकीचं काही बोलले नाही. काय सांगणार होते?

तिनं हातोडा खाली ठेवला. "चालती का नीट?"

"चालती."

"त्यांचा लई जीव हुता तिच्यावर. म्हनायचे, लंके, गाडी बंद पडू द्यायची न्हाई. ती चालत ऱ्हायली की समदं फिटतंय. मंग तुला सुखाचे दीस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पगाराच्या दिशी शेठचा मानूस हितंच येऊन उभा ऱ्हातो, ताई. आमच्या हातात पिठापुरतं ठेवतो."

मी घरी कशी आले, मला माहीत नाही. रस्ताभर रडत होते. तो बिचारा अजून तिच्यासाठीच राबत होता. त्याला वाटत होतं गाडी चालली की लंकाबाईचं देणं फिटतंय. आणि फिटत होतं आमचं! तिच्या पदरात दमडी पडत नव्हती.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील, नाहीतर ओरडतील.

हे उठून बसले. मग म्हणाले, "त्याला सांगून टाक."

"अहो, सांगितलं आन् त्यो गेला तर? गाडी बसंल. कचरूचं काय हुईल?"

"ते बघू." ह्यांनी कंदिलाची वात बारीक केली. "माझ्या बापानं, आज्यानं गावाची कामं फुकाट केली, भामे. शिळ्या तुकड्यावर. आता आपुन कुनाला फुकाट राबवायचं? मेलेला असला म्हनून काय झालं?"



पहाटे मी जागीच होते.

खर्र... खर्र...

मी दार उघडलं. या वेळी आवाज थांबला नाही. हँडल दिसत होतं. आपोआप फिरत होतं... हळू, दमल्यासारखं.

मी उंबऱ्याबाहेर गेले. भीतीपेक्षा मला त्याची दयाच जास्त आली.

"दादा," मी म्हटलं, "थांबा. ही गाडी आता तुमची न्हाई."

हँडल थांबलं.

"शेठनं ती आमाला इकली. हिचा पैसा लंकाबाईला जात न्हाई. तुमी कितीबी राबला तरी तिचं फिटायचं न्हाई. लई केलंत तुमी. आता नका राबू. घरी जावा."

कसलाच आवाज नाही. वारासुद्धा पडलेला.

मग कुणीतरी एक श्वास सोडला...

इतका लांब श्वास, की अजून कानात आहे.

बॉनेट हळूच मिटलं. समोर आमचा कुत्रा बसला होता. त्यानं मान वर केली आणि सुप्याच्या रस्त्याकडं कितीतरी वेळ बघत राहिला. भुंकला नाही.

त्या दिवसापासून गाडी चालू झाली नाही. भिमाजीनं सगळं इंजिन खोललं, हात टेकले. शेवटी भंगारात दिली. आलेले पैसे शेठला दिले, मालक पाण्याच्या टँकरवर लागले, मी दुसऱ्या एका कामावर खडी फोडायला गेले. शेठचा माणूस कचरूच्या शाळेत परत एकदा जाऊन बसलाच. हेडमास्तर भला माणूस, त्यानं सांभाळून घेतलं. गाडी नाही आणि हप्ते आहेत, अशी कितीतरी वर्षं काढली. पण फेडलं सगळं. त्याचं मला दुःख नाही.

दुःख वेगळंच आहे.

महिन्याभरानं भिमाजी त्या वाडीवर कुणाचा तरी पंप दुरुस्त करायला गेला होता. परतताना आमच्या दारात थांबला. म्हणाला, "वहिनी, मच्छिंद्रच्या घराला कुलूप हाय. शेजारी म्हनत्यात, पहाटं कडी वाजती. कुनीतरी हळूहळू वाजवतंय... मंग थांबतंय... मंग परत."



मच्छिंद्रला मीच घरी जा म्हटलं होतं. पण घरी कुणी नाही, लंकाबाई पोरीला घेऊन तलावाच्या कामावर आहे... हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी गेले हो. दुसऱ्याच दिवशी पहाटे त्या कुलपासमोर उभी राहिले. मोठ्यानं सगळा पत्ता सांगितला. कोणता तलाव, कोणता माळ, कितवं खोपट. शेजाऱ्यांना वाटलं बाई वेडी झाली. त्या दिवशी कडी वाजली नाही. तो ऐकायला तिथं होता की नव्हता, मला कळलं नाही. तिथून लंकाबाईच्या कामावर गेले, तर खोपट रिकामं. शेठच्या तगाद्याला कंटाळून लंकाबाई आदल्याच आठवड्यात पोरीला घेऊन कुठंतरी निघून गेली होती. कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता मला ऐकू कमी येतं. तरी पहाटे जाग येते, आणि तो कुठं कुठं दारं वाजवत फिरत असेल, हे मनातून जात नाही.

सुप्याच्या बाजूचं कुणी हे वाचत असेल, लंकाबाईची ती पोरगी कुणाच्या ओळखीत असेल, तर तिला एवढंच विचारा. पहाटे कधी कुणी कडी वाजवली का? आणि तुम्ही दार उघडलंत का?