धुरकट काचांची बस

“जवळचं दिसत नाही हो,” तो चष्म्याच्या दुकानात शिरत म्हणाला. काउंटरला मी एकटीच होते.

“किती जवळचं? वाचताना?”

“छे! एवढं—” त्यानं तळहात नाकापुढे धरला. नखांत लाल रंग वाळला होता. “खिडक्या बसवताना.”

तो बस ड्रायव्हर होता. रोज चालवतो तीच बस घरी प्लास्टिकची घडवत होता, वीतभर लांबीची. मोबाइलवर फोटो दाखवताना त्याचा चेहरा पडला. “सगळ्या काचा धुरकट. म्हटलं, डोळेच गेले की काय!”

मला हसू आवरेना. “नंबर असेल थोडा. पण झटपट चिकटणारा गोंद लावून लगेच बस डब्यात बंद केलीत ना? वाफ काचांवर बसते. तिथे पांढराच गोंद लावायचा.”

तो बघतच राहिला. “म्हणजे... तुम्हीपण?”

“जहाजं करायचे.” मी नजर चोरली. “आता नाही.”

त्यानंतर त्याच्या चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला ढिला व्हायला लागला. माझ्या हातचा स्क्रू इतका कच्चा नसतो. पण मी मुकाट्यानं आवळून द्यायचे, आणि तो गेला की दुकान उगाच मोठं वाटायचं.

एकदा त्यानं विचारलंच, “जहाजं का सोडलीत?”

मी सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी आतल्या खोलीत, कानात गाणी लावून मी शिडाचे दोर ओवत होते. बाबा बाथरूममध्ये पडले. अर्धांगवायूचा झटका, उजवी बाजू गेली. पाऊण तास ते भिंतीवर थापा मारत होते...

“माझा जीव कशात रमला की मला कसलंच भान राहत नाही,” मी म्हणाले. “म्हणून आता फक्त बाबा आणि नोकरी. तुम्हीसुद्धा... येऊ नका.”

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. “एकदा बाबांना भेटतो,” एवढंच म्हणाला.

रविवारी तो आला. बाबांना विचारून त्यानं कपाटावरचा माझ्या अर्धवट जहाजाचा डबा खाली काढला, टेबल त्यांच्या पलंगाला लावलं. “काका, गोंद वाळेपर्यंत ही डोलकाठी धरायचीय. अजिबात हलता कामा नये. जमेल?”

बाबांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत ती काठी धरली. पाच मिनिटं... दहा मिनिटं. बोटं जराही हलली नाहीत. मग तोंडातल्या तोंडात अडखळणारे शब्द गोळा करत ते माझ्याकडे वळले.

“म्हटलं... होतं का मी... बंद कर म्हणून?”

दोन वर्षांचं रडू एकदम आलं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून पोटभर रडले. तो खिडकीशी पाठमोरा उभा होता.

“निघतो,” तो हळूच म्हणाला. “पुढच्या रविवारी—”

“रविवारीच का?” मी डोळे पुसले. “रोज या ना.”

“रोज म्हणजे...” तो माझ्याकडे वळला.

“रोज म्हणजे लग्नच करावं लागेल,” मी म्हणाले, आणि बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.