पान एकशे बत्तीसवरचा खून

कादंबरी घरी नेऊन अर्धा तासही झाला नव्हता, तोच पंचशीला तणतणत वाचनालयात परतली.

मूळ बंगाली, मराठीत आलेली रहस्यकथा. कोलकात्याच्या एका गल्लीत एकामागून एक खून पडतात आणि खुनी काही सापडत नाही. गुप्तहेराच्या आधी आपण तो शोधायचा, हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या पंचशीलाचा आवडता खेळ. आणि पहिल्याच पानात ही चिठ्ठी...

"आबासाहेब, हे कुणी लिहिलंय?"

नांदूरघाटच्या वाचनालयाचे म्हातारे ग्रंथपाल आबासाहेब चष्मा शोधू लागले. तेवढाही धीर तिला नव्हता. तिनंच वाचून दाखवलं, "पान १३२ वर खून आहे. काढू नये. – म्हणजे वाचायच्या आधीच सांगून मोकळे. आणि खून काढू नये? मी काय पान फाडणार होते?"

खिडकीपाशी बसलेल्या तरुणानं पेपर खाली ठेवला. त्याच्या कानामागे पेन्सिल होती.

"मीच लिहिलंय," तो म्हणाला. "सात दिवस संपले, पुस्तक द्यावं लागलं. पुढचं नंतर वाचावं म्हणून तिथं पिंपळाचं पान ठेवलंय. खून म्हणून."

"खूण."

"तेच म्हणलो की. खून."

"न नाही, ण. बाणातला."

"आमच्या तोंडात बसत न्हाई तो. मग हातात कावून येईल?"

आबासाहेब खो-खो हसले. पंचशीलाला त्याचाही राग आला.

तो जीवन, गावातल्या कृषी सेवा केंद्रात कामाला होता, हे तिला नंतर कळलं. त्याआधी अठ्ठावन्नाव्या पानावर ती पुन्हा भडकली. गुप्तहेरानं म्हणे चहाच्या कपाचा वास घेऊन सोमल हे विष ओळखलं. सोमलाला वास नसतो, एवढंही लेखकाला ठाऊक नसावं? तिनं पेन्सिल उचलली, तर समासात आधीच लिहिलेलं – 'वास? शक्य नाही.'

तिचंच वाक्य, कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं. अक्षर चिठ्ठीवरचंच होतं. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

मग रोज चार वाजता वाचनालयात गाठ पडू लागली.

"खुनी डॉक्टरच हाय," जीवन म्हणायचा.

"पुरावा?"

"लई गोड बोलतो."

"हा पुरावा झाला?"

"तुमी गोड बोलत न्हाई, म्हणून तुमच्यावर संशय न्हाई."

ती ओठ दाबून हसू आवरायची. एकशे बत्तिसाव्या पानावर मात्र ती थांबली. पिंपळाचं पान तिनं ओलांडलं नाही. दोघांनी इथून पुढं बरोबर वाचायचं, असं ठरलं – म्हणजे तिनं ठरवलं, त्यानं मान डोलावली.

आणि शनिवारी तो म्हणाला, "गडचिरोलीला कृषी सहायकाची नेमणूक झाली. सोमवारी हजर व्हायचंय. उद्याच निघतो."

"ऑर्डर कधी आली?"

"मंगळवारी..."

"आणि सांगताय आज?"

"सांगायचं धाडस होईना." तो पेन्सिल बोटांत फिरवत राहिला. "खुनी कोण, तेवढं कळवा."

"तेवढंच?"

त्यानं पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. पंचशीला उठून निघून गेली. खुनाचा माग काढणाऱ्या माणसाला समोरच्या मुलीच्या मनातलं एक साधं काही सापडू नये, याचा तिला भयंकर संताप आला होता.

रविवारी दुपारी तरीही ती एसटीपाशी उभी होती. त्याच्या हातात तिनं कादंबरी ठेवली.

"सात दिवसांत परत आणायची. नोंद माझ्या नावावर आहे."

पहिल्या पानात चिठ्ठी होती – 'पान १३२ वर खूण आहे. काढू नये.' ण चांगला ठळक गिरवलेला. जीवननं ते पान उघडलं. पिंपळपानाशेजारी, समासात, तिचं बारीक अक्षर – 'इथून पुढं मी एकटी वाचणार नाही. कधीच.'

बस हलली. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कान लालबुंद झाले होते.

"मी बी एकटा वाचणार न्हाई. रविवारी येतो, पंचशीला. तोवर ही... खूण," जीभ टाळूकडे नेत, जपून, तो म्हणाला, "जिथं हाय तिथंच राहील."

ण अगदी स्वच्छ आला होता.

"येतोय की," ती रागानंच म्हणाली, डोळे पुसत. "मग इतके दिवस कावून न्हाई म्हणलात?"