टपालपेटीची पापणी

तुम्ही दाराशेजारच्या त्या भोकांचं विचारलंत म्हणून सांगते. तिथं आमची टपालपेटी होती.

बाबा गेले त्या दुपारी मी लाल कागद आणायला कोपऱ्यावर लिन मावशींच्या दुकानात गेले. ऊन इतकं की गल्लीतलं डांबर चपलांना चिकटत होतं. आमच्या ताइनानकडे घरात मढं असलं की देवांची तोंडं लाल कागदानं झाकतात. त्यांनी मरण बघू नये म्हणून.

"किती तोंडं झाकायचीत?" मावशींनी विचारलं.

"तीन. देव्हाऱ्यातली."

"आणि तुझ्या भावानं गल्लीत मांडून ठेवलीत ती? त्यांनाही डोळे आहेत हो."

मला हसूच आलं. बाप घरात गार पडलाय आणि मी काय पावसाच्या पाइपाला कागद चिकटवत बसू? तीन तोंडांपुरता कागद घेतला आणि निघाले.

भाऊ म्हणजे आमचा आ-हान, धाकटा. बाबा कापराच्या लाकडातून देव कोरायचे. बोटांची नखंसुद्धा कोरायचे, पण मूर्तीचे डोळे कधी उघडले नाहीत त्यांनी. ते काम देवळातल्या पुजाऱ्याचं, विधी करून. "विधीशिवाय डोळा उघडला तर भटकणारं कुणीही त्यात येऊन बसतं," असं म्हणायचे. आणि चिरंजीव? देव कोरायचं सोडून गल्लीभर डोळे रंगवत सुटले. पावसाच्या पाइपाचा हत्ती झाला, गॅसच्या टाकीचं डुक्कर झालं, आमच्या टपालपेटीचा हसरा म्हातारा झाला. पत्र टाकायची फट, वरच्या पत्र्याच्या झाकणासकट, म्हणजे त्याचं तोंड. लोक लांबलांबून फोटो काढायला यायला लागले. साहेब मोठे झाले आणि तैपेईला गेले.

मी राहिले. बाबांना झटका आला, डावी बाजू गेली, डावी पापणी लोंबायला लागली. मी भरवलं, पुसलं, कूस बदलली. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा. "हान." चमचा धरायचे मी आणि नाव त्याचं. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू? एकदा तरी त्यांनी माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं. सू-च्यु. अवघड आहे का काही? न घेताच गेले.

म्हणून मी सातव्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते. त्या दिवशी गेलेला माणूस एकदा घरी येऊन जातो. दारापासून गल्लीपर्यंत मी तांदळाचं पीठ पसरलं, माशाची पेज वाढून ठेवली आणि दिवेलागणीला पुढच्या खोलीत एकटी बसले. आ-हान क्रियाकर्माला आला होता, तो दमून माडीवर झोपला होता.

आधी वास आला, कापराच्या लाकडाचा. मग पाय घासल्याचा आवाज... डावा पाय ओढत कुणीतरी येत होतं... दाराशी आलं आणि थांबलं.

"बाबा... या ना आत... मी आहे, सू-च्यु..."

बाहेर पत्र्याचं झाकण एकदा वाजलं. मग काहीच नाही.

बऱ्याच वेळानं टॉर्च घेऊन बाहेर गेले. पिठातली पावलं उंबरठ्यापर्यंत येऊन भिंतीकडे वळली होती आणि टपालपेटीखाली संपली होती. पेटीवरचा म्हातारा आता हसत नव्हता. त्याची डावी पापणी लोंबली होती. उजवा डोळा माझ्याकडे बघतच नव्हता. तो वर, माडीच्या खिडकीला लागला होता.

भीती वाटली का म्हणता? वाटली. पण त्याहून जास्त काळीज जळलं. हक्काचं घर उघडं होतं, लेक आत बसली होती, तरी लेकाच्या पत्र्यात जाऊन बसले.

सकाळी आ-हान पेटीपुढे उभा होता. "ताई, भारीच झालंय की. पापणी कुणी रंगवली, तू?"

"हात लावून बघ."

त्यानं लावला आणि पटकन मागं घेतला. "ऊन लागलं असेल," म्हणाला. आमच्या भिंतीवर सकाळचं ऊन येत नाही. तरी प्रदर्शनात ठेवतो म्हणून त्यानं स्क्रू काढले. नेऊ नकोस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, ने बाबा, आता तूच कर.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी त्याचा फोन आला. आवाज इतका हळू, जसं काही शेजारी कुणी निजलंय.

"ताई... बाबांना पेज कशी द्यायचीस? गरम की... कोमट?"

मी पाटावरून उठले आणि दार लावून घेतलं.

"कोमट. आणि डाव्या गालात साठते, ती बोटानं काढावी लागते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "चावतात..."

मागं पत्र्याचं झाकण उघडझाप करत होतं. विचारायचं नव्हतं मला. तरी विचारलंच.

"माझं नाव घेतात का रे कधी?"

झाकण वाजतच होतं.

"नाही," तो म्हणाला.