सोडू नका, भावजी

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय.

आत्या इस्पितळात एक्स-रे काढते. तशी खमकी. भुताखेतांचा विषय निघाला की हसून उठून जायची.

आता हसत नाही.

मंगळवारची दुपार होती. तळघरातली एक्स-रेची खोली. कोविड बरा होऊनही ज्यांची धाप जात नव्हती, त्यांची तिथे तपासणी चालायची. ते यंत्र छातीचं हलतं चित्र दाखवायचं. श्वास घेतला की फुप्फुसं फुलायची, धरला की थांबायची.

त्या दिवशी आलेला माणूस पोहायला शिकवायचा. एके काळी एका दमात पाण्याखालून अख्खा तलाव पार करणारा. आता जिना चढताना मधेच बसायचा.

सोबत त्याची विधवा वहिनी. ती बाहेर थांबेना.

"यांना चक्कर येते," म्हणाली, आणि मधल्या काचेअलीकडे आत्याच्या शेजारी येऊन बसली.

मग आपणहून बोलली. "दोघे भाऊ एकाच खोलीत आजारी होते. आमचे गेले. हे तेवढे उठून बसले."

बोलण्यात कणभर ओलावा नव्हता.

काचेपलीकडे तो यंत्राला छाती टेकवून पाठमोरा उभा होता. आत्याने माइकचं बटण दाबलं.

"श्वास घ्या... आता धरून ठेवा."

त्याने धरला. खांदे स्थिर. पाठ स्थिर.

पण पडद्यावर...

फुप्फुसं हलत होती.

सावकाश. गाढ झोपलेल्या माणसासारखी.

यंत्र बिघडलं असेल, आत्याला वाटलं. तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला...

घोरण्याचा.

वहिनी ताडकन उठली. "हे आमचे," ती पुटपुटली. "आमचे असेच घोरायचे."

आत्याचा हात माइकच्या बटणाकडे गेला. वहिनीने तिचं मनगट पकडलं आणि स्वतः बटण दाबलं.

"सोडू नका, भावजी. धरून ठेवा."

पट्टीचा पोहणारा तो. त्याने ऐकलं.

त्याचे कान निळे पडायला लागले.

"अहो बाई, मरतील ते."

"मग?"

तिची नजर पडद्यावरून हलली नाही.

आत्याने तिला ढकललं, यंत्र बंद केलं आणि आत धावली. तो तिच्या अंगावरच कोसळला. तोंडातून हवा बाहेर पडली...

आणि घोरणं थांबलं.

काचेमागून वहिनी त्याच्याकडे बघत होती. त्यानेच आत्ता तिच्या नवऱ्याचा जीव घेतल्यासारखी.

तो वाचला. डॉक्टरांनी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. श्वास धरलेला, फुप्फुसं स्थिर. बाकी काही नाही.

मागच्या महिन्यात ती वहिनी आत्याला औषधाच्या दुकानात दिसली. आत्याने भीत भीत दिराची चौकशी केली.

"दिवसा तशीच धाप," ती म्हणाली. "त्यांचं करायला कुणी नाही. मीच राहायला गेलेय तिकडे."

मग ती हसली.

"रात्री उशाशी बसते. हल्ली झोपेत मला नावाने हाक मारतात."

आत्या घरी पोहोचली, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

दीर वहिनीला नावाने हाक मारत नाही.

त्या घराचा पत्ता आत्याने शोधून ठेवलाय. जाऊन बघावं, असं रोज म्हणते.

अजून गेलेली नाही. आणि सोबत येतो, असं मीही म्हटलेलं नाही.